होडीतली पुढची जागा

पॉपॉ झऱ्यावरच्या होडीत जागा दोनच. मागच्या जागेवर वल्हं घेऊन रेंजर बसायचा, हल्ली ड्वेन सॅप, आणि पुढच्या जागेवर, मांडीवर कागद लावलेली पाटी घेऊन, व्हर्लीन टूटन. चौदा हिवाळे हे असंच चालत आलं होतं. पंधराव्यातही असंच चालावं, यापलीकडे व्हर्लीनचं देवाकडे काही मागणं नव्हतं. देवाने तिचे गुडघे कधीच परत मागून घेतले होते आणि त्याबद्दल तिने हूं की चूं केलं नव्हतं. पण पुढची जागा ही तिची होती, आणि त्या बाबतीत ती देवाचंही ऐकून घेणारी बाई नव्हती.

काम म्हटलं तर सोपं. नदी गारठली की मॅनटी, म्हणजे पाण्यातली गवत खाणारी संथ जनावरं, उबेसाठी झऱ्यात येतात; त्यांची गणती करायची. झऱ्याचं पाणी बारा महिने तेवढंच कोमट. जानेवारीतल्या सकाळी गवतावर हिव पडलेलं असतं आणि पाण्यातून वाफा निघत असतात, तेव्हा तळाच्या पांढऱ्या वाळूवर शंभर-दीडशे मॅनटी गोण्या टाकल्यासारख्या पसरलेल्या दिसतात. एकेक धूड गाईहून मोठं आणि सगळ्यांची तोंडं सारखीच सुजलेली. ओळखायचं ते पाठीवरच्या वणांवरून. नदीत मोटारबोटींचे पंखे लागतात, त्याचे वण जन्मभर राहतात. प्रत्येक मॅनटीचा एक कागद असतो. त्यावर डोकं वर, शेपूट खाली असं चित्र आणि शाईने काढलेले वण. पुढच्या जागेवरच्या माणसाने पाण्यात बघायचं, कागदाशी ताडायचं, नाव मोठ्याने घ्यायचं आणि खूण करायची. वर ऑफिसात फक्त आकडा जातो. नावं ही झऱ्याची आपसातली गोष्ट.

नावाचा रिवाजही ठरलेला. अनोळखी जनावर ज्याने पहिल्यांदा टिपलं आणि पुढच्या हिवाळ्यात तेच परत आल्याचं दाखवून दिलं, नाव त्याने ठेवायचं. त्यात रेंजरही तोंड घालत नाही.

व्हर्लीनने आयुष्यात एकच नाव ठेवलं होतं: ग्रेव्ही. उजव्या खांद्यावर तीन तिरके वण आणि शेपटीच्या डाव्या कडेला कुणी घास घेतल्यासारखा तुकडा गायब. सत्तावीस वर्षं तिने शाळेच्या जेवणघरात दर गुरुवारी बटाट्यावर जी राखाडी, दाट ग्रेव्ही ओतली, अगदी तोच रंग आणि तीच चाल. जेवणघरात तिला चारशे पोरांचे ट्रे पाठ असायचे. कोण वाटाणे खात नाही, कोण दुसऱ्याचं दूध पळवतं, सगळं. ड्वेन सॅपही त्यातलाच. तो वाटाणे कागदात गुंडाळून खिशात कोंबायचा. आता तो चाळिशीचा झाला होता, टोपीवर बिल्ला होता, तरी व्हर्लीन त्याला ते विसरू देत नसे. पण गंमत अशी, की त्या चारशेंपैकी एकानेही पुढे कधी रस्त्यात थांबून तिची चौकशी केली नाही. जाळीची टोपी काढली की ती कुणाला ओळखूच यायची नाही.

झऱ्यावर मात्र ती कोणीतरी होती. ती जन्मली तीन मैलांवर, बापाच्या मासेमारीच्या तळावर. इथे सरकारी पार्क व्हायच्या आधी ती याच पाण्यात पोहायला शिकली. आता दर नोव्हेंबरात ती आणि तिचा नवरा हार्लन आपली जुनी ट्रेलर ओढत आणायचे, एक नंबरच्या जागेवर लावायचे आणि मार्चपर्यंत तंबूतळाची राखण करायचे. पाला ओढायचा, न्हाणीघरं धुवायची, तंबूवाल्यांना सांगायचं की बाबांनो, खाण्याचे डबे उघडे टाकू नका, रॅकून येऊन तुमच्याआधी नाश्ता करून जातील. आणि शनिवारी सकाळी झऱ्याकाठच्या कठड्यापाशी उभं राहून ती जमलेल्या लोकांना ग्रेव्हीची गोष्ट सांगायची. लोक गाड्या काढून यायचे. "ग्रेव्हीवाल्या बाई कुठायत?" असं फाटकावर विचारायचे. हे ऐकलं की व्हर्लीनचे गुडघे दुखायचे थांबत.

आणि मग तीन हिवाळ्यांपूर्वी बावीस नंबरच्या जागेवर गेल प्रुइट उतरली.

गेल ओहायोची. नवरा वारलेला, अंगाने काटकुळी, चालणं असं की जणू खाली गुडघे नाहीत, स्प्रिंगा आहेत. नोकरी दातांच्या डॉक्टरकडे झालेली, दातांचे एक्स-रे काढण्यात आणि ताडून बघण्यात हयात गेलेली. दुसऱ्याच दिवशी तिने व्हर्लीनला "अगं" म्हणायला सुरुवात केली. व्हर्लीनला अगं म्हणणारी शेवटची बाई तिची मोठी बहीण होती, आणि तिच्याशीही व्हर्लीनचं पटत नव्हतं.

पण गेलला नावं ठेवायची तर ठेवणार काय? तिथेच सगळी पंचाईत होती. ती चांगली होती. न्हाणीघर न सांगता पुसून ठेवायची. पाणकावळा इतकी वर्षं व्हर्लीनच्या खिडकीसमोरच्या ओंडक्यावर पंख वाळवत बसायचा, तो मेला बावीस नंबरच्या समोर जाऊन बसायला लागला. शेंगा उकडायच्या कशा, किती मीठ, किती वेळ, हे व्हर्लीननेच तिला मोठ्या मनाने शिकवलं. आठ दिवसांनी हार्लन वाटी घेऊन बावीस नंबरवर दुसऱ्यांदा गेला.

"घरात शेंगा नाहीत का?" व्हर्लीनने विचारलं.

"आहेत की," हार्लन टरफल चोखत म्हणाला. "पण तिच्या जरा मऊ होतात."

त्या दिवशी व्हर्लीनने त्याच्याशी संध्याकाळपर्यंत अबोला धरला. त्याला ते कळलं नाही, हा भाग वेगळा.

गणतीचं कामही गेलला पहिल्यांदा व्हर्लीननेच दाखवलं होतं. कठड्यावर तिच्या हातात पाटी देऊन ती म्हणाली होती, "एकच लक्षात ठेव. जनावर तोंडाने आपल्याकडे येत असेल तर कागद उलटा धरायचा. नाहीतर त्याचं डावं ते उजवं वाटतं आणि उजवं ते डावं. नवखे इथेच फसतात." गेलने मान डोलावली. मग तिने लांब दांडीला कॅमेरा बांधला आणि प्रत्येक मॅनटीचे वरून फोटो काढायला लागली. दोन हिवाळ्यांत तिची जाडजूड वही भरली. ड्वेन ती वही तोंडाचा आ करून बघायचा. "तू पण कधीही बघ गं," गेल व्हर्लीनला म्हणायची, "टेबलावरच असते." व्हर्लीन म्हणायची, हो बघेन की. बघायला गेली असती तर तिचं नाव व्हर्लीन नव्हतं.

पंधराव्या हिवाळ्यात, जानेवारीच्या पहिल्या कडक थंडीत, व्हर्लीन धक्क्यावर घसरली. फार नाही लागलं, खांदा मुरगळला. "चार दिवस विश्रांती घ्या, मिस व्हर्लीन," ड्वेन म्हणाला. "तोवर गेल येईल."

चार दिवस व्हर्लीन कठड्यावर कॉफीचा मग धरून उभी राहिली आणि खाली पाण्यावर, आपल्या जागेवर, दुसऱ्या बाईची पाठ बघत राहिली. वाफेतून गेलचा आवाज यायचा, एकेक नाव, अगदी स्वच्छ. ड्वेन हसायचा. कशाला हसायचा? गणतीत हसण्यासारखं काय असतं? होडी वळली की गेल वर बघून हात हलवायची, व्हर्लीनही हलवायची, आणि मगातली कॉफी तशीच गार व्हायची. तिला त्या बाईचा हेवा वाटत होता, सरळ सरळ हेवा. त्रेसष्टाव्या वर्षी ही शोभा, हे तिला कळत होतं. पण कळून जळफळाट कमी होत नव्हता.

पाचव्या दिवशी ती धक्क्यावर गेली तर ड्वेन टोपी हातात घेऊन उभा.

"मिस व्हर्लीन, मी काय म्हणतो, यापुढे आठवड्यातले तीन दिवस गेलला देऊ या. तिच्या फोटोंमुळे ताडून बघणं सोपं जातं."

"म्हणजे मला दिसत नाही?"

"तसं नाही, मॅम."

"वाटाणे खिशात घालायचास तेव्हाही असंच म्हणायचास. तसं नाही, मॅम."

ड्वेनचे कान लाल झाले, पण तीन दिवस ते तीन दिवस राहिले. आज तीन, पुढच्या वर्षी पाच, आणि मग व्हर्लीन टूटनने नुसती न्हाणीघरं धुवायची. ट्रेलरकडे परत येता येता तिने ठरवलं की आता गेलची चूक पकडायची. चारशे फोटो म्हटल्यावर एखादा तरी चुकला असणारच. एक सापडला की बास. सगळ्यांसमोर दाखवायचा, अगदी गोड आवाजात.

गुरुवारी गेल होडीत होती. व्हर्लीन दाताळं घेऊन बावीस नंबरवर पाला ओढायला गेली. काम तिचंच होतं, कुणी काही म्हणू शकत नव्हतं. टेबलावर वही होतीच. तिने आधी चारही बाजूंना बघितलं, मग हात कपड्याला पुसले आणि वही उघडली.

अर्धा तास ती पानं उलटत राहिली. चूक सापडेना. सापडेल कशी, बाईने एकेक वण दाताच्या किडीसारखा टिपलेला. मग ग्रेव्हीचं पान आलं. खरं तर दोन पानं होती, समोरासमोर. डाव्या पानावर जुन्या कागदाची नक्कल: ग्रेव्ही, वण उजव्या खांद्यावर, तुकडा शेपटीच्या डाव्या कडेला. उजव्या पानावर फोटो. तीन तिरके वण, डाव्या खांद्यावर. शेपटीचा तुकडा उजवीकडे. खाली गेलच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: "ही ग्रेव्ही नाही. जुने कागद तपासले, सात वर्षांपासून हीच येते. व्हर्लीनला सांगायचं नाही." तारीख गेलच्या दुसऱ्या हिवाळ्याची, म्हणजे दोन वर्षांपूर्वीची होती.

व्हर्लीन बाकावर बसली. तिला तो दिवस लख्ख आठवला. नऊ वर्षांपूर्वी डिसेंबर संपत आला तरी ग्रेव्ही आली नव्हती, आणि ती रोज वाट बघत होती. मग एका सकाळी वाफेतून एक मॅनटी तोंडाने सरळ होडीकडे आली, खांद्यावर तीन वण, आणि आनंदाने व्हर्लीनच्या तोंडून नाव बाहेर पडलं. कागद तिने उलटा धरला नव्हता. तेव्हा ड्वेन नवा होता. ती म्हणाली ते त्याने मानलं. त्यानंतर ग्रेव्हीचा कागद बघायची तिला गरजच पडली नाही. पोटच्या पोरीला ओळखायला कुणी कागद काढत नाही.

नवखे इथेच फसतात म्हणे!

तिने ट्रेलरमध्ये येऊन हार्लनला सांगितलं. तो चाकूने लाकडाचं बदक कोरत होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "मग गेल सगळ्यांना सांगत सुटली नाही, हे चांगलंच केलं की तिने."

"चांगलं!" व्हर्लीन कडाडली. "तेच तर दुखतंय! दुसऱ्या वर्षापासून माहीत आहे तिला. नाव ठेवायचा हक्क तिचा, जागा तिची झाली असती, आणि ही बया तोंड मिटून बसली. दर शनिवारी मागे उभी राहून माझी गोष्ट ऐकते, ठाऊक आहे ना तुला? मान हलवत! माझ्यावर दया करते ती, हार्लन. ओहायोची बाई. माझ्या झऱ्यावर."

"मग तू काय करणार?"

"तिला चांगलं ठरू देणार नाही," व्हर्लीन म्हणाली.

शनिवारी तळ भरलेला होता. कठड्यावर साठेक माणसं, गळ्यात दुर्बिणी, हातात कॉफी. खाली स्वच्छ पाण्यात सुसरतोंडे मासे काठ्यांसारखे स्थिर उभे होते आणि ओंडक्यावर कासवं एकावर एक चढून ऊन खात होती. ड्वेन कडेला उभा होता. मागे, खांबाला टेकून, गेल. व्हर्लीनने सवयीने सुरुवात केली: "चौदा वर्षांपूर्वी, याच पाण्यात..." आणि तेवढ्यात अगदी कठड्याखाली फुस्स करून नाकपुड्या वर आल्या. मागोमाग पाठ. लोकांनी बोटं दाखवली. "ग्रेव्ही! ग्रेव्ही!"

"नाही," व्हर्लीन म्हणाली. "ही ग्रेव्ही नाही."

लोक हसले. त्यांना वाटलं गोष्टीतलाच भाग आहे.

"हसू नका. मी चुकले. नऊ वर्षं चुकत आले. कागद उलटा धरायचा असतो, तो मी धरला नाही. हिचे वण डाव्या खांद्यावर आहेत, बघा नीट. ही दुसरीच आहे. हे ओळखलं ते गेल प्रुइटने, ती मागे उभी आहे. हिला नाव ठेवायचा मान तिचा. आणि ड्वेन, पुढची जागाही तिला दे. सातही दिवस."

एवढं तिने पाठ केलेलं होतं. इथे थांबायचं होतं. पण तोंड थांबेना.

"खरी ग्रेव्ही नऊ वर्षं आलेली नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "कुठे मेली की काय, कुणी शोधलंसुद्धा नाही. मी दुसरीलाच तिच्या नावाने हाक मारत बसले. तिची वाट बघायची राहूनच गेली."

ड्वेनने टोपी काढली होती. लोक वळून मागे बघायला लागले. गेलचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती वळली आणि आपल्या जागेकडे चालायला लागली.

व्हर्लीनला वाटलं होतं की सांगितलं की मोकळं वाटेल, जिंकल्यासारखं वाटेल. तसलं काहीच झालं नाही. जागा मात्र गेली होती, तीही स्वतःच्या तोंडाने. दुपारपर्यंत ती न्हाणीघर धूत राहिली. दोनदा धुतलं. मग तिला राहवेना आणि ती बावीस नंबरवर गेली.

गेल टेबलापाशी बसली होती. समोर उकडलेल्या शेंगांचं पातेलं होतं.

"वहीत हात घातलास तू," ती वर न बघता म्हणाली.

"तूच म्हणाली होतीस, कधीही बघ."

"तीन वर्षं बघितली नाहीस. मला खात्री होती, तुझा ताठा मध्ये येणार, तू कधीच बघायची नाहीस. म्हणून तर लिहून ठेवलं."

"मला तुझी दया नको होती, गेल."

"दया?" गेलने मान वर केली. तिचे डोळे लाल होते आणि त्यात राग होता, चांगला सणसणीत राग. "तुला वाटलं मी दया करत होते? अगं बाई, तू इथे जन्मलीस. तुला फाटकावर लोक विचारत येतात. नवरा आहे तुझा, शेंगांची वाटी घेऊन फिरणारा. तू तोंड उघडलंस की साठ माणसं गप्प होतात. माझ्याकडे चारशे फोटो आहेत, कुणी चार पानांपलीकडे बघत नाही. दर शनिवारी मी मागे उभी राहायचे, तुझी गोष्ट ऐकायचे आणि मनात म्हणायचे, बोल व्हर्लीन, बोल, मला माहीत आहे ते तुला माहीत नाही. तेवढ्यावर माझा आठवडा जायचा. या आख्ख्या झऱ्यावर माझं म्हणून तेवढंच एक होतं. आणि तू ते सकाळी सगळ्यांना वाटून टाकलंस! वर रडलीस, म्हणून टाळ्याही तुलाच पडल्या असतील."

"टाळ्या नाही पडल्या," व्हर्लीन म्हणाली.

"नाही?"

"एका बाईने नाक शिंकरलं फक्त."

गेलने पातेल्याकडे बघितलं. व्हर्लीन समोरच्या बाकावर बसली. तीन वर्षांत ती या बाकावर आपणहून पहिल्यांदाच बसत होती. एवढी जळत होती ही बाई, आणि तीही व्हर्लीनवर! त्या दिवशी पहिल्यांदा गेल प्रुइट तिला थोडीशी आवडली. तिने एक शेंग उचलली, सोलली, खाल्ली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"तूच सांगितलंस तेवढं घालते."

"मी कमी सांगितलं होतं. मुद्दाम."

गेलने तिच्याकडे बघितलं आणि दोघींपैकी आधी कोण हसली ते पाणकावळ्यालाच ठाऊक.

"बरं, नाव सांग," व्हर्लीन म्हणाली. "काय ठेवणार तिचं?"

"ठरलंय. दोन वर्षं झाली."

"मग सांग की."

"उद्या सकाळी होडीतून हाक मारेन तेव्हा कळेल."

"आत्ता सांगितलंस तर तुझं काय जाणार आहे?"

"काही नाही," गेल म्हणाली आणि पातेलं तिच्याकडे सरकवलं. "पण आजचा दिवस तूही जळ थोडी."

दुसऱ्या दिवशी गवतावरचं हिव अजून पांढरं होतं आणि होडी धक्क्याला बांधलेलीच होती. कठड्यापाशी व्हर्लीन मात्र आधीच येऊन उभी होती, कॉफीचा मगही न घेता.